पांडेसऱ्याची गिटार, अडाजणचा गरबा

पितृपक्ष लागला की माझ्या क्लासला बरकत येते. वर्षभर ज्यांच्या गिटारी कपाटावर धूळ खात पडलेल्या असतात, ती सगळी मंडळी तारा बदलून, दोन जिने चढून गोडादऱ्यातल्या माझ्या खोलीत हजर होतात. "सर, चार गरबे बसवून द्या ना, अर्जंट आहे." खाली तळमजल्यावर लूम दिवसभर खडखडत असतात, वर आम्ही सूर जुळवत असतो, आणि पोरं कुरकुरतात की सर, काही ऐकूच येत नाही. मी म्हणतो, या खडखडाटात ज्याचा सूर ऐकू येईल, त्याचा नवरात्रात कुठंही ऐकू येईल. वाजवा गुपचूप.

परवा त्यांच्यातल्याच एका मुलीनं विचारलं, "सर, गरब्याचा शेवट कसा करायचा?" मी हसायला लागलो तो थांबेचना. बिचारी ओशाळली. "अगं, तुला नाही हसत," मी म्हटलं, "तुझ्या वयाचा असताना हाच प्रश्न मी कुणाला तरी विचारला असता, तर माझी एवढी शोभा झाली नसती." झालं. सगळ्यांनी गिटारी खाली ठेवल्या आणि मांडी घालून बसले. सरांची शोभा ऐकायला कुणाला आवडत नाही?

नव्वदच्या दशकाच्या मध्यातलं ते नवरात्र. सुरत तेव्हा प्लेगनंतर नुकतीच घासूनपुसून लख्ख झाली होती. रस्ते रुंद झाले होते, कचऱ्याचे ढीग गेले होते, आणि माणसं आपल्याच गावात पाहुण्यासारखी इकडेतिकडे बघत फिरायची. पाऊस संपलेला, थंडीचा पत्ता नाही, असा हा आसो, आपला आश्विन, म्हणजे नुसता घाम. पांडेसऱ्यात आमच्या घरामागून मिलचं पाणी वाहायचं, एक दिवस जांभळं, एक दिवस हिरवं, आणि त्याचा गरम आंबूस वास थेट उशीपर्यंत यायचा. तापीच्या पलीकडे अडाजणला गेलं की वास बदलायचा. धूळ बसावी म्हणून मैदानावर पाणी मारलेलं असायचं. त्या ओल्या मातीत मोगऱ्याचे गजरे, पावडर, नव्या चणियाचोळीच्या कापडाचा कोरा वास, आणि कुठून तरी तळल्या जाणाऱ्या भज्यांचा. हॅलोजनचे दिवे लागले की पोरींच्या घागऱ्यांवरचे आरसे एकदम चमकायला लागायचे. आजही कुठं मैदानावर टँकरनं पाणी मारताना दिसलं की माझी बोटं आपोआप हलायला लागतात. बायको म्हणते, झालं यांचं सुरू.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि सुरतेतला सगळ्यात चांगला गिटारवाला होतो. हे मी लाजत वगैरे सांगणार नाही, कारण ते खरं होतं. कॉलेजात आमचा चौघांचा रॉक बँड होता. कॉपीची कॉपी करून आणलेल्या परदेशी कॅसेटी टेप घासेपर्यंत ऐकायच्या आणि दुपारी बकुलच्या गच्चीवर त्या वाजवायच्या, हा आमचा अभ्यास. बकुल आमचा ड्रमर. त्या काळात गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला वेगाचं वेड. कोण एका दमात किती सूर ओततो याच्या शर्यती लागायच्या. मला त्यात कधी गोडी वाटली नाही. मला एक सूर धरावा, तार ओढून त्याला हळूहळू वर न्यावं, ऐकणाऱ्याचा श्वास अडकला की मग सोडावं, यात मजा वाटायची. घरी जाताना माणसाला गुणगुणता येणार नाही असा एकही तुकडा मी आजवर लोकांपुढे वाजवलेला नाही. ही खोड मला आबांची.

आबा म्हणजे माझे वडील. अकोल्याकडून तरुणपणी सुरतेला आले, रंगाईच्या मिलमध्ये लागले आणि तिथलेच झाले. आमच्या वस्तीची गायन पार्टी होती, तिच्यात ते बेंजो वाजवायचे. टाइपरायटरसारखी बटणं असलेला, मांडीवर घ्यायचा बेंजो. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत ही पार्टी उधना, लिंबायत, पार पलसाण्यापर्यंत फिरायची. मी पेट्या वाहायला सोबत. एका गायकाचं गाणं संपायचं, दुसरा उठून, घसा साफ करून, माइकपर्यंत येईस्तोवर वेळ जायचा. तेवढा वेळ आबा बेंजोवर धून फिरवत ठेवायचे. ती धून कुठल्या गाण्याची हे कुणी विचारायचं नाही, पण ती होती म्हणून मंडपातलं कुणी उठायचं नाही. शिकत असताना मी घरात कुठला तरी चपळ तुकडा घोटायला लागलो की आबा विचारायचे, "जे तोंडानं म्हणता येत नाई, ते बोटानं कायले वाजवतं?"

बँड मोडला, कारण सुरतेत रॉक ऐकणारी माणसंच नव्हती. आमच्या शेवटच्या कार्यक्रमाला जे आले त्यांत निम्मे आमचे चुलतभाऊ होते. एक जण हिऱ्यांच्या धंद्यात गेला, एक बापाच्या साडीच्या दुकानात. उरलो मी आणि बकुल. मग आम्ही सिनेमाच्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात शिरलो. तिथं रात्रभर बसून माझ्या वाट्याला काय, तर दोन ओळींच्या मधला चार सुरांचा तुकडा. आणि तो वाजवेपर्यंत त्या ऑर्केस्ट्राची हवा गेली, कारण लोकांना न थांबणाऱ्या गरब्यांच्या कॅसेटी हव्या झाल्या. या शहराची चव दर दोन वर्षांनी बदलते. तेव्हा बदलायची, आजही बदलते. मध्ये डिस्को दांडियाचं वारं आलं, मग लवकर मैदान बंद करायचे नियम आले, मग एसी डोम आले, आता लॅपटॉपवर तयार ट्रॅक लावून नुसते हातवारे करणारेही आले. मी सगळ्यांना पुरून उरलो. पण त्या नवरात्रात मी पुरून उरेन की नुसताच पुरला जाईन, हे काही ठरलेलं नव्हतं.

झालं होतं असं. बकुल आणि मी हर्षदभाईंच्या गरबा पार्टीत वाजवायचो. हर्षदभाई स्वतः गायक, आवाज खणखणीत, स्वभाव त्याहून खणखणीत. त्या वर्षी त्यांनी एक नवा कीबोर्ड आणला. त्यात एक बटण होतं, ते दाबलं की गिटारचा आवाज यायचा. मला बोलावून त्यांनी ते बटण दाबून दाखवलं. आवाज अगदीच पत्र्याचा होता, मी तोंडावर तसं म्हटलंही. हर्षदभाई हसले. "जो भाई, त्रण दिवस तू वगाड. पछी हुं जोईश." तीन दिवस तू वाजव, मग बघतो. म्हणजे तीन दिवसांत गिटार राहणार की बटण, याचा निकाल.

आणि बटण राहिलं तर माझं काय, हे घरी आधीच ठरलं होतं. आबांनी मिलच्या लॅबमध्ये माझ्यासाठी शब्द टाकला होता. कापडाच्या चिंध्या उजेडात धरून रंग जुळतो की नाही ते बघायचं काम. सावलीतलं, खुर्चीतलं. मिलमध्ये उभ्यानं जन्म काढलेल्या माणसाला आपल्या पोरासाठी खुर्ची हवी वाटली, यात चूक काही नाही. "नवरात्रात तुयं जमलं तर ठीक," आबा म्हणाले होते, "नाई तर दसऱ्यानंतर लॅबमधी ये. मास्तर किती दिवस थांबीन?" मी म्हटलं, कबूल. मला लॅबची भीती वाटत नव्हती. माझ्या मते कीबोर्डानं माझी भीती बाळगायला हवी होती.

पहिला दिवस. मैदान गच्च. मध्ये गरबो, म्हणजे भोकाभोकांचं मातीचं मडकं, आत दिवा तेवतोय. त्याच्याभोवती बायकांची पहिली रांग, मग पोरीबाळी, मग सगळं अडाजण. मी असा काही सुटलो होतो म्हणून सांगू! हर्षदभाईंची ओळ संपली की मी ती उचलायचो, वर न्यायचो, खाली आणायचो, आणि पोरं गिरक्या घेता घेता वळून स्टेजकडे बघायची. साधारण नऊच्या सुमाराला एका गरब्याचं शेवटचं कडवं आलं आणि माझ्या अंगात बकुलची गच्ची संचारली. रॉकमध्ये गाणं संपवायची एक रीत असते. गिटारची मान उंच करायची, ड्रमरकडे बघायचं, आणि मान खाली आणताच दोघांनी मिळून एक दणका द्यायचा. मग शांतता. मग टाळ्या. मी मान उंच केली. चार वर्षं माझ्याच गिटारच्या मानेकडे बघून वाजवलेल्या बकुलनं इमानेइतबारे दणका दिला. तो थांबला म्हणून ढोलवाले थांबले. ढोल थांबले म्हणून हर्षदभाई अर्ध्या शब्दावर थांबले.

आणि गरबा थांबला.

ज्याला गरबा ठाऊक नाही त्याला यात काय एवढं, असं वाटेल. पण गरबा थांबत नसतो. गरबे बदलतात, गाणारे बदलतात, चाल बदलते, पण मधल्या दिव्याभोवतीचं फिरणं आरतीपर्यंत तुटत नाही. मी ते भरमैदानात तोडलं होतं. हजारेक माणसं, एक पाय पुढे, हात टाळीसाठी उघडलेले, तशीच उभी. टाळ्या नाहीत, काही नाही. बाप रे! ती शांतता मला आजही घाम फोडते. मला परत सुरुवात करायचं सुचलं नाही, कारण कुठून सुरू करायचं तेच मला कळेना.

तेव्हा पहिल्या रांगेतून एक टाळी ऐकू आली. हर्षदभाईंच्या आई, त्यांना सगळे बा म्हणायचे. पांढरी साडी, सत्तरीच्या आतबाहेर, चष्म्याला दोरी. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. वाकून टाळी दिली, पाऊल टाकलं आणि मोकळ्या गळ्यानं पुढची ओळ उचलली. शेजारच्या बायकांनी झेलली, मग मागच्यांनी. ढोल नाही, माइक नाही, नुसत्या टाळ्यांवर ते एवढं मोठं वर्तुळ पुन्हा फिरायला लागलं. मग ढोल आले, हर्षदभाई आले. मीही तारेला हात लावला, तर आवाजच नाही. हर्षदभाईंनी माझा अँप बंद केला होता. "काले आवतो नहीं," उद्या येऊ नकोस, एवढंच म्हणाले, आणि कीबोर्डवाल्याला खूण केली. पत्र्याची गिटार वाजायला लागली.

दुसऱ्या दिवशी आबांना मिलची सुट्टी होती. मी दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. "काऊन रे, तोंड पाडून काऊन पडला?" मी सगळं सांगितलं. आबा ओरडतील, किंवा लॅबचं काढतील, असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "मंग त्या बाईनं काय केलं?"

"टाळी वाजवली. गायला लागल्या."

"तुले जे येत नाई ते तिले येते. मंग तिले जाऊन इचार ना. अठी भितीले काय इचारतं?"

मी सायकल काढली. खरं सांगतो, मी माफी मागायला म्हणून निघालो होतो, म्हणजे माफी मागून, दोन शब्द ऐकून घेऊन, परत बाजी मारायची असा हिशेब होता. बा ओट्यावर फुलवाती वळत बसल्या होत्या. मी वाकलो. त्यांनी चष्मा वर केला. "माफी मांगवा आव्यो छे के शीखवा?" माफी मागायला आलास की शिकायला? मी गडबडून म्हटलं, शिकायला. "तू कोई दिवस गरबे रम्यो छे?" कधी गरबा खेळलायस?

अहो, दोन वर्षं मी गरब्यात गिटार वाजवत होतो, आणि वर्तुळात एक पाऊल कधी टाकलं नव्हतं! आमच्या घरी देवीची घटस्थापना नाही, दसऱ्याला आम्ही विहारात जाणारी माणसं. तो आपला सण नाही, आपलं काम स्टेजवर, असं मी धरून चाललो होतो. मी तसं चाचरत सांगितलं. बा म्हणाल्या, "दीवो कोईने नाम पूछे छे?" दिवा कुणाला नाव विचारतो का? आणि मग संध्याकाळी ये, गिटार न आणता ये, माझ्या मागे फिर.

गेलो. स्टेजवर कीबोर्ड वाजत होता, बकुल माझ्याकडे बघायचं टाळत होता, आणि मी बायकांच्या रांगेत बांच्या मागे टाळ्या देत फिरत होतो. पहिल्या पाच मिनिटांत तीनदा पाय तुडवले. पोरी खुदखुदत होत्या. "आ तो पेलो गिटारवाळो!" हा तर तो गिटारवाला. लाज वाटली, भयंकर वाटली. तोंड लपवून बाहेर पडावं असं निदान दहा वेळा मनात आलं. पण मग हळूहळू एक गोष्ट अंगाला कळायला लागली. वाकून टाळी दिली की श्वास बाहेर पडतो, सरळ होताना आत येतो. सगळं मैदान एकदम श्वास घेतं, एकदम सोडतं. मी पहिल्या दिवशी नेमका त्यांच्या श्वास घेण्याच्या जागी दणका दिला होता. आणि गरबा बदलतो तेव्हा, म्हणजे एक गाणं सरून दुसरं यायचं असतं तेव्हा, पाय क्षणभर चाचपडतात, चाल कुठली येणार हे कळेपर्यंत. कीबोर्डची पत्र्याची गिटार तिथं बरोब्बर तुटत होती. बटण बदलायला लागायचं ना! माझ्या डोक्यात एकदम आबांचा बेंजो वाजला.

मध्येच कधी तरी वाटतं, आपण कला कला म्हणून जे मिरवतो त्यातलं अर्धं म्हणजे शेवट करायची हौस असते. आपला तुकडा, आपला दणका, आपल्या टाळ्या. मला ती हौस आजही आहे, खोटं कशाला बोलू. कॉलेजच्या पोरांबरोबर रॉक वाजवतो तेव्हा असा काही शेवट करतो की खिडक्या हलतात. पण धरून ठेवायला जास्त ताकद लागते, हे मला एका सत्तरीच्या बाईच्या मागे पाय तुडवत फिरताना समजलं. ते पुस्तकात नव्हतं, कॅसेटीत तर नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी बांनी लेकाला स्टेजच्या पायरीवर गाठलं. "त्रण दिवस कह्या हता ने? त्रीजो बाकी छे." तीन दिवस म्हणाला होतास ना, तिसरा बाकी आहे. हर्षदभाई आईपुढे काय बोलणार? मला कोपऱ्यात उभं केलं, अँप अगदी बारीक ठेवला. मी पहिला तास जवळजवळ काहीच वाजवलं नाही. फक्त श्वास मोजत होतो. मग एक गरबा सरत आला. शेवटच्या ओळीचा शेवटचा सूर मी पकडला, सोडला नाही, तार ओढत ओढत तो पुढच्या गरब्याच्या पहिल्या सुरापर्यंत नेला. अलगद, टाळीच्या वर. खाली एकही पाऊल चाचपडलं नाही. मी बघत होतो ना, एकही नाही! हर्षदभाईंनी गाता गाता मान वळवली. पुढचा गरबा बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी कीबोर्डवाल्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मग तर मी रॉकमधलं सगळं शिकलेलं तिथं ओतलं. तोच ताणलेला सूर, तेच हेलकावे, फक्त शेवट नाही. चौथ्या दिवशी मैदानावर पोचलो तर माझा अँप हर्षदभाईंच्या माइकशेजारी मांडलेला होता.

दसऱ्याला सकाळी सामान आवरताना हर्षदभाईंनी फाफडा-जिलेबीचा पुडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "गिटार रहेशे." गिटार राहणार, पुढच्या वर्षी, लग्नसराईत, सगळीकडे. कीबोर्ड इतर कामांना राहील. मी पुडा सायकलच्या हँडलला लावला आणि अडाजणपासून पांडेसऱ्यापर्यंत वाटभर भाषण तयार केलं. आबा, मी लॅबमध्ये येणार नाही. आबा, तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, तुमची मान खाली जाईल, पण मला हे येतं, आणि यातच मी पोट भरीन. दोन वेळा घोकलं. आवाज कुठं चढवायचा तेसुद्धा ठरवलं.

आबा पांढरे कपडे घालून, विहारात निघायच्या तयारीत, दारात बसले होते. मी सायकल लावली. "आबा, लॅबच्या मास्तरांना..." मी सुरू केलं.

"त्याले मी नाई म्हणून सांगतलं."

मला वाटलं, बकुलनं येऊन बातमी दिली असणार. "कधी? आज सकाळी?"

"नाई रे. तिसऱ्या दिवशी, पाळीवर गेलो तवाच."

"तिसऱ्या दिवशी सकाळी? आबा, तेव्हा तर मला काढून टाकलेलं होतं! मी स्टेजवरसुद्धा नव्हतो."

"मले माईत हाये. आदल्या दिवशी आलतो ना मी, सायकलनं. दोराच्या मागं उभा होतो." आबा चपला शोधत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "तू बायांच्या मागं टाळ्या वाजवत फिरत होता. पाय चुकत होते. पोरी हासत होत्या तुले. मी म्हटलं, आता हे बाहेर निंघते. आता निंघते. तू काई निंघाला नाई."

माझं घोकलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. कसंबसं विचारलं, "आणि गिटार राहिली नसती तर?"

"तर काय," आबा म्हणाले, "पुढल्या साली नवरात्र येत नाई काय?"

मी फाफड्याचा पुडा छातीशी धरून उंबऱ्यावर बसलो आणि रडलो. चक्क हमसून रडलो. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चाल, तोंड धू," म्हणाले, "वंदनेले उशीर होते."